पुलावरची पट्टी आणि हेगची वाट

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचक मुलीचं पत्र आलं आहे. नाव-गाव गाळून त्याचा सारांश देते.

वय तेवीस. बारमाही पाणी नसलेल्या पट्ट्यातलं गाव, दहावीपर्यंत मराठी शाळा, आता साताऱ्यात एमएस्सी ऑरगॅनिकचं शेवटचं वर्ष. वडील सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, घरात त्यांना आण्णा म्हणतात. कॉलेजात हिरोशिमा दिनाचं पोस्टर करता करता ही मुलगी रासायनिक शस्त्रांबद्दल वाचत गेली आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच आहे, शस्त्रनियंत्रण आणि शस्त्रप्रसारबंदीच्या धोरणात काम करायचं. ‘रसायनशास्त्र सोडून त्यासाठी परदेशात आंतरराष्ट्रीय संबंधांत एमए करावं लागेल. त्याला शेत तारण ठेवून कर्ज काढावं लागेल. आण्णा म्हणतात, सीमेवरच्या पोराच्या हातातली बंदूक काढून घ्यायचं शिक्षण घेणार का? आई म्हणते, एक वर्ष बघू, मग स्थळं बघू. रायगड जिल्ह्यातल्या एका केमिकल कंपनीत क्यूसीची, म्हणजे मालाचा दर्जा तपासण्याची, नोकरी मिळते आहे, महिनाअखेरीस कळवायचं आहे. मॅडम, हे खरंच करिअर आहे का? आणि माझ्यासारखीला जमेल का?’

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्या वेळी एका शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली. ‘रसायनशास्त्र सोडून’ असं तू लिहिलं आहेस. त्या ‘सोडून’वर माझा आक्षेप आहे. कर्ज, आण्णा, कंपनी हे सगळं नंतर बोलू. आधी हा शब्द.

मी सांगलीत राहते, अठ्ठावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. पावसाळ्यात आमच्या गावात सकाळचा पहिला प्रश्न असतो, ‘आयर्विनला पाणी किती?’ कृष्णेवरच्या या आयर्विन पुलाशी फुटांची पट्टी आहे. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी धोक्याच्या कितीतरी वर चढलं आणि माझ्या घरात जिन्याची पाचवी पायरी बुडाली. वरच्या मजल्यावर बसून आम्ही सगळे मोबाइलवर आकडे बघत होतो आणि नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या अलमट्टी धरणवाल्यांना, पाणी अडवतात म्हणून, शिव्या घालत होतो. पलीकडे कर्नाटकातले लोक त्यांची बाजू सांगत होते. आमचा त्यांच्यावर विश्वास नव्हता, त्यांचा आमच्यावर नव्हता. तरी पावसाळ्यात कोयनेतून किती क्युसेक सोडले आणि अलमट्टीतून किती, हे दोन्हीकडचे पाटबंधाऱ्याचे अधिकारी एकमेकांना कळवतात. भांडण मिटलेलं नाही. पण ते आकड्यावर आलं, आणि आकड्यावर आलेल्या भांडणात माणसं वेळेवर घराबाहेर पडू शकतात.

तुला ज्या क्षेत्रात जायचं आहे तिथे हेच काम चालतं. ज्यांचा एकमेकांवर विश्वास नाही, अशा देशांना एकाच पट्टीकडे बघायला लावायचं. पट्टी कुठे बसवायची, ती वाचायला कोणाला आत येऊ द्यायचं, वाचणारा खोटं बोलला तर काय करायचं, हे ठरवणं म्हणजे धोरण. भारत-पाकिस्तानचंच घे. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असा करार ३१ डिसेंबर १९८८ ला झाला. त्यानुसार १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. कारगिलच्या लढाईनंतर आलेल्या १ जानेवारीला दिल्या. संसदेवर हल्ला झाला, सीमेवर फौजा समोरासमोर उभ्या होत्या, त्या १ जानेवारीलाही दिल्या. कोणीतरी ती यादी टाइप केली, तपासली, पाकिटात घातली. त्या कारकुनी वाटणाऱ्या कामाबद्दल मला फार आदर आहे.

आता तुझ्या विषयाकडे ये. तुमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात ट्रायइथेनॉलअमाइनची बाटली असेल, जाडसर, मधासारखी ओतावी लागते ती. क्रीममध्ये वापरतात, सिमेंट दळताना वापरतात. तीच रासायनिक शस्त्रबंदी कराराच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे, कारण तिच्यापासून मस्टर्ड गॅसच्या कुळातलं विष करता येतं. फॉस्फरस ट्रायक्लोराइडही त्याच यादीत. त्याच्यापासून शेताची औषधंही होतात आणि मज्जासंस्थेवर घाला घालणारे वायूही. म्हणून करार असं सांगतो की या तिसऱ्या यादीतलं एखादं रसायन वर्षाला ३० टनांहून जास्त बनवणाऱ्या कारखान्याने ते जाहीर करायचं, आणि २०० टनांच्या वर गेलं तर नेदरलँड्समधल्या हेगहून आलेले निरीक्षक येऊन बघू शकतात. आपल्याकडे यासाठी २००० सालचा कायदा आहे आणि दिल्लीत मंत्रिमंडळ सचिवालयाच्या अखत्यारीत एक राष्ट्रीय प्राधिकरण आहे. कारखान्यांची घोषणापत्रं तिथे जातात, तिथून हेगला, ओपीसीडब्ल्यू या रासायनिक शस्त्रबंदी करार राबवणाऱ्या संघटनेकडे. निरीक्षक कारखान्यात येतो तेव्हा तो भाषण करत नाही. साठ्याची वही बघतो, टाकी बघतो, पाइप कुठून कुठे जातो ते बघतो, कच्चा माल आणि तयार मालाचा हिशेब जुळतो का ते बघतो. आंतरराष्ट्रीय संबंधांत एमए केलेल्या हुशार मुलीला हे जमायला वर्षं जातील. तुला निम्मं आताच येतं.

माझा एक जुना विद्यार्थी अशाच एका कारखान्यात ही घोषणापत्रं भरतो. आकडा किलोचा की टनाचा, कॅस नंबर, म्हणजे रसायनाचा ओळख क्रमांक, बरोबर आहे का, मिश्रणात टक्केवारी किती, यात त्याचा जानेवारी-फेब्रुवारी जातो. तो मला एकदा म्हणाला, ‘मॅडम, आमच्या ऑफिसात कुणाला माहीत नाही की हे युद्धाशी संबंधित आहे.’ त्या पोराने कधी जिनिव्हा पाहिलेलं नाही, पण शस्त्रनियंत्रण करारातली एक कडी तो दरवर्षी घट्ट करतो.

म्हणून कंपनीची नोकरी नाकारण्याआधी थांब. तुझ्या पत्रात ती नोकरी म्हणजे स्वप्नाची हार असल्यासारखी आली आहे. मला ती पहिली पायरी वाटते, एका अटीवर. क्यूसीत वर्षभर हात बसव, नमुन्यात काय आणि किती आहे ते सांगणाऱ्या जीसी-एमएस आणि एचपीएलसी मशीनवर स्वतः बसून शीक, दुसऱ्यांनी काढलेले ग्राफ बघून समाधान मानू नकोस. मग रेग्युलेटरी किंवा निर्यात विभागात बदली मागायला सुरुवात कर. तिथे तुला ‘स्कोमेट’ यादी भेटेल. ज्या वस्तू साध्याही आहेत आणि शस्त्रासाठीही वापरता येतात, त्यांच्या निर्यातीसाठी परवाना लावणारी ही सरकारी यादी. रसायनंच नाहीत, गंज न लागणारे पंप, व्हॉल्व्ह, विशेष पोलाद, अचूक मशीन टूल्स अशी ती पसरलेली आहे. भारत २०१६ मध्ये क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण गटात, २०१७ मध्ये वासेनार गटात आणि २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया गटात गेला. शस्त्रांना उपयोगी पडणाऱ्या मालाच्या निर्यातीवर लगाम ठेवणाऱ्या देशांच्या या गटांत बसायचं म्हणजे आपल्या कारखान्यांतून काय बाहेर जातं याचा चोख हिशेब ठेवणं आलं. तो ठेवणारी माणसं कंपन्यांना हवी आहेत. हे काम कागदावर फार देखणं दिसत नाही, पण पगार वेळेवर होतो आणि शिकायला खरं मिळतं. कंपनीचा एकही कागद, एकही फोटो बाहेर जाता कामा नये, हे मात्र पहिल्या दिवसापासून पाळ. या क्षेत्रात तुझी पत तिथेच तयार होईल.

आता आण्णा. त्यांच्या वाक्यावर तू चिडलीस, ते पत्रात दिसतं. मला ते वाक्य आदराने घ्यावंसं वाटतं, कारण ज्याने वीस-पंचवीस वर्षं हातात रायफल धरली त्याला हा प्रश्न पडणारच. साताऱ्याजवळ आपशिंगे मिलिटरी आहे, तुला माहीत असेलच. त्या एका गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले. गावातल्या त्यांच्या स्मारकापुढे मी उभी राहिले आहे, शेजारून बैलगाडी जात होती आणि एक बाई कडेवर पोर घेऊन त्या दगडाला हात लावून पुढे गेली. त्याच युद्धात, २२ एप्रिल १९१५ ला, बेल्जियममध्ये ईप्रजवळ जर्मनांनी क्लोरीन सोडला. चारच दिवसांनी आपली लाहोर डिव्हिजन त्याच मैदानात उतरवली गेली आणि तिच्यावरही गॅस आला. तोंडाला ओलं फडकं लावण्यापलीकडे त्या पोरांकडे काही नव्हतं. युद्ध संपल्यावर १९२५ मध्ये जिनिव्हात अशा वायूंच्या वापरावर बंदी आली. पण तेव्हा साठे ठेवायला मोकळीक होती. साठेच नष्ट करायचे, आणि नष्ट केले की नाही हे दुसऱ्याने येऊन बघायचं, असा करार व्हायला १९९३ उजाडलं, अंमल सुरू झाला १९९७ मध्ये. ही बंदी कोणाच्या रक्षणासाठी आली, हे आण्णांना सांगायला तुला पुस्तक लागणार नाही. खंदकातल्या शिपायासाठी आली.

आण्णांना आणखी एक गोष्ट सांग. भारताने अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर सही केलेली नाही, कारण तो करार १ जानेवारी १९६७ च्या आधी स्फोट केलेल्यांना एक नियम लावतो आणि बाकीच्यांना दुसरा. रासायनिक करारात सगळ्यांना एकच नियम, म्हणून भारताने तिथे सही केली, स्वतःकडे असलेला साठा जाहीर केला आणि २००९ पर्यंत तो पूर्ण नष्ट केला. १९९६ मध्ये जिनिव्हात अणुचाचणी बंदी कराराला भारताचा नकार ठामपणे मांडणाऱ्या आपल्या राजदूत अरुंधती घोष याच क्षेत्रातल्या होत्या. या कामात देशाची बाजू सोडावी लागते, हा समज आण्णांचा असेल, आणि मला शंका आहे की थोडा तुझाही आहे. तू पत्रात ‘मला कुठल्याच देशाचं न राहता काम करायचं आहे’ असं लिहिलंस. हेगमध्ये निरीक्षक होशील तेव्हा तशी शपथ घे. तोवर आपला देश कुठे सही करतो, कुठे करत नाही आणि का, हे नीट समजून घेणं हाच तुझा अभ्यास.

परदेशी एमएबद्दल माझं मत कडक आहे. शेत तारण ठेवू नकोस. या क्षेत्रात जागा मोजक्या, बऱ्याचशा कंत्राटी, आणि परदेशात शिकलेल्या भारतीय मुलीला तिथल्या सरकारी कामात सहज घेत नाहीत, कारण ते त्यांच्या नागरिकांसाठी राखलेलं असतं. असल्या बेभरवशाच्या पिकावर जमीन लावायची नसते, हे तुला शेतकऱ्याच्या घरात मी सांगायला नको. शिष्यवृत्ती मिळाली तर बिनधास्त जा. दोन-तीन वर्षं काम केलेल्या, प्रयोगशाळा आणि परवाना दोन्ही कळणाऱ्या मुलीचा अर्ज कोऱ्या एमएस्सीपेक्षा वजनदार असतो. ओपीसीडब्ल्यू विकसनशील देशांतल्या रसायनतज्ज्ञांसाठी असोसिएट प्रोग्रॅम चालवते, त्यालाही अनुभव लागतो. तिथल्या नोकरीची मुदत साधारण सात वर्षांची असते, त्यामुळे आयुष्यभराची खुर्ची कोणालाच नाही आणि नवीन माणसं लागत राहतात.

देशातल्या देशात संशोधनाकडे जायचं असेल तर ग्वाल्हेरची डीआरडीई ही संरक्षण संशोधन संस्था बघ. लढाईतल्या विषांचे अंश ओळखण्यासाठी ओपीसीडब्ल्यूची मान्यता मिळवलेली प्रयोगशाळा तिथे आहे. एखाद्या मातीच्या किंवा पाण्याच्या नमुन्यात सरीन होता का, हे त्याच्या विघटनातून उरलेल्या रेणूंवरून सांगायचं, आणि ते इतकं पक्कं सांगायचं की जगाच्या व्यासपीठावर कोणी खोडून काढू नये. यूपीएससी देऊन परराष्ट्र सेवेत जाणं हाही मार्ग आहे, पण राजदूत व्हायचं असेल तरच तो घे. तिथे टेबलं बदलत राहतात. आज निःशस्त्रीकरण, तीन वर्षांनी पासपोर्ट.

‘माझ्यासारखीला’ या शब्दात मराठी शाळेची सल आहे, ती मी ओळखते. तुला एक काम देते. अण्वस्त्र प्रसारबंदी करार उतरवून घे. फक्त अकरा कलमं आहेत, काही पानांत संपतो. रोज एक कलम मराठीत कर, स्वतःच्या हाताने. सहाव्या कलमाशी आलीस की अडशील. तिथे अण्वस्त्रधारी देशांनी शस्त्रं टाकून द्यायची असं सरळ लिहिलेलं नाही. शस्त्रस्पर्धा थांबवण्यासाठी आणि निःशस्त्रीकरणासाठी सद्भावनेने वाटाघाटी करायच्या, असं आहे. आता मराठीत ‘वाटाघाटी करतील’ लिहिणार, की ‘वाटाघाटी करून तडीस नेतील’? याच प्रश्नावर १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपलं मत दिलं आणि सांगितलं की वाटाघाटी नुसत्या सुरू करून भागणार नाही, त्या पूर्णही केल्या पाहिजेत. इंग्रजीत वाचताना डोळा ज्यावरून घसरतो, तिथे मराठी करताना हात थांबतो. तुझं मराठी माध्यम इथे कामाला येईल. इंग्रजी लिहिण्याचा सराव लागेलच, पण करारांचं इंग्रजी कोरडं आणि नेमकं असतं, प्रयोगाच्या जर्नलसारखं. ते तुला गप्पांच्या इंग्रजीपेक्षा लवकर येईल.

वाईट बातमीही सांगितली पाहिजे. हे क्षेत्र सध्या पडत्या काळात आहे. मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा अमेरिका-रशियातला करार २०१९ मध्ये संपला. दोघांच्या मोठ्या अण्वस्त्रांवर मर्यादा घालणाऱ्या न्यू स्टार्टची मुदत फेब्रुवारी २०२६ पर्यंतच होती. तू येशील तेव्हा तुझे वरिष्ठ कदाचित थकलेले असतील. मी तुला उत्साहाने पाठवते आहे, पण फसवून नाही. आणि तरीही २०२३ च्या जुलैमध्ये जगाने जाहीर केलेला रासायनिक शस्त्रांचा सगळा साठा, सुमारे ७२ हजार टन, नष्ट करून झाला. करार लागू झाल्यावर सव्वीस वर्षं लागली. टाक्या उघडणारी, विष पाण्याने आणि अल्कलीने मोडणारी, उरलेलं मोजणारी माणसं तुझ्या-माझ्या विषयातली होती. ती बातमी वाचली त्या दिवशी मी फळ्यावर हायड्रॉलिसिसच्या समीकरणांची एक जोडी लिहून एकटीच बघत बसले होते.

अशीच ओढ असणारे आणखी वाचक असतील, त्यांच्यासाठी थोडं. भौतिकशास्त्राच्या मुलांनी व्हिएन्नाच्या आयएईए या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेकडे बघावं. आपल्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या तिच्या देखरेखीखाली आहेत, सील आणि कॅमेऱ्यांची ही दुनिया आहे. अणुक्षेत्राशी संबंधित विषयांत एमए-एमएस्सी करणाऱ्या मुलींसाठी तिची मारी क्युरीच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. सूक्ष्मजीवशास्त्राच्या मुलांना काम भरपूर आहे, कारण जैविक शस्त्रबंदी करार १९७५ पासून लागू असूनही त्याला तपासणीची यंत्रणाच नाही, ती उभी करायची आहे. कला शाखेच्या मुलांनी पुणे विद्यापीठाचा संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग, किंवा दिल्लीत जेएनयूमधलं निःशस्त्रीकरण नावातच असलेलं केंद्र बघावं. पलूस, कुपवाड, मिरजेच्या फाउंड्रीत आणि मशीन शॉपमध्ये असणाऱ्या इंजिनिअरांनी आपला माल स्कोमेटमध्ये बसतो का, एवढं एकदा तपासावं.

आईला एक वर्षाऐवजी दोन मागून घे. पगार सुरू झालेली मुलगी दोन वर्षं मागते तेव्हा घरात ऐकून घेतात, हा माझा अनेक मुलींबाबतचा अनुभव आहे. कंपनीला महिनाअखेरीची वाट न बघता होकार कळव.

आणि या रविवारी आण्णांशी वाद घालू नकोस. जेवणं झाली की त्यांच्याजवळ बस आणि विचार, ‘आण्णा, तुम्ही एनबीसीचा सूट कधी घातला होता का?’ अणु, जैविक किंवा रासायनिक हल्ल्यात अंगावर चढवायचा तो सूट प्रशिक्षणात बहुतेक घातला असेल. तो मास्क लावून किती वेळ दम टिकतो, काच धुरकटली की निशाणा कसा दिसतो, आत घाम कसा साचतो, सगळं विचार. त्यांना बोलू दे, तू वहीत लिही. काय म्हणाले ते मला कळव.